नॉर्दरच्या मागावर: गॅल्व्हेस्टन ते साउथ पाद्रे

टेक्सासमध्ये राहून सर्फिंग करते म्हटलं की आपली माणसं पहिलं हेच विचारतात, तिकडे लाटा असतात का गं? असतात, आणि खूप छान असतात, फक्त रोज नसतात आणि दिवसभर टिकत नाहीत. कॅलिफोर्नियाला पॅसिफिकमध्ये कुठेतरी हजारो मैलांवर झालेल्या वादळाची लाट येऊन पोचते, त्यामुळे किनाऱ्यावर वारा पडलेला असला तरी पाण्यात काहीतरी मिळतंच. मेक्सिकोचं आखात जवळजवळ चहूबाजूंनी बंद, त्यात बाहेरची लाट फारशी शिरत नाही, आतल्या आत जो वारा वाहतो त्याचीच काय ती लाट. वारा पडला की दुसऱ्या दिवशी पाणी सपाट. म्हणून इथे सर्फिंग करणारा माणूस आधी वारा वाचायला शिकतो आणि मग बोर्डवर उभं राहायला.

ऑक्टोबर संपता संपता इथे नॉर्दर सुरू होतात, म्हणजे उत्तरेकडून थंड हवेचा फ्रंट येतो. त्याचा क्रम ठरलेला असतो. फ्रंट यायच्या आधी दिवस-दोन दिवस दक्षिणेचा वारा जोर धरतो आणि लाट उभी करतो, मग फ्रंट सरकतो, वारा अचानक उत्तरेचा होतो आणि तीच लाट समोरून दाबून स्वच्छ करतो, काही तास. त्यानंतर वरचा किनारा, म्हणजे गॅल्व्हेस्टनचा भाग, सपाट होतो कारण वारा जमिनीवरून समुद्राकडे चाललेला, त्याला लाट बनवायला पाणीच मिळत नाही. पण तोच वारा आखातभर ईशान्येकडून वाहत खाली जातो आणि दक्षिण टेक्सासला लाटा पाठवतो. हे कळल्यापासून माझ्या मनात होतं की एक फ्रंट धरायचा आणि त्याच्या मागे मागे किनाऱ्याने मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जायचं. सोबत ताई आणि दाजी. दाजी मूळचे मालवणचे, सर्फिंग करत नाहीत पण गळ टाकून दिवस दिवस उभे राहतात, आणि गंमत म्हणजे त्यांना आणि मला पाण्यात बघायचं असतं ते एकच, वाळूचे बार, म्हणजे पाण्याखालचे उंचवटे. टेक्सासच्या किनाऱ्याला समांतर असे एकामागे एक साधारण तीन बार असतात, फर्स्ट, सेकंड, थर्ड, आणि त्यांच्यामध्ये खोलगट भाग, दाजी त्याला चर म्हणतात. लाट बारवर फुटते, चरात पुन्हा जमते, पुढच्या बारवर पुन्हा फुटते. आणि मासे फिरतात चरातून.

गुरुवार, गॅल्व्हेस्टन

ह्यूस्टनहून आय-४५ ने निघालो, कॉजवेवर चढलो तेव्हाच गाडी वाऱ्याने हलत होती. दक्षिणेचा वारा, २०-२५ नॉट्स. सीवॉलवर, म्हणजे समुद्राकाठच्या संरक्षक भिंतीवर, गाडी लावली आणि समोर नुसता पांढरा फेस, कुठली लाट कुठे संपते ते कळायला मार्ग नाही. लाइफगार्डच्या टॉवरवर लाल झेंडा. दाजी बघून म्हणाले, "ह्यो तर आमच्या बंदरावरचो तीन नंबरचो बावटो!"

लाटा आणि वारा मोजणारा तरंगता बोया नंबर ४२०३५ गॅल्व्हेस्टनच्या पूर्वेला साधारण २२ सागरी मैलांवर आहे, त्याचं रीडिंग कुणालाही नेटवर फुकट बघता येतं. त्या दिवशी लाटेची उंची सहा फूट, दोन लाटांमधला वेळ सहा सेकंद. फूट सगळे बघतात पण खरी गोष्ट सेकंदात असते. खोल पाण्यातली सहा सेकंदांची लाट सुमारे ५६ मीटर लांब असते आणि लाटेला तळ जाणवतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे हिला २८ मीटरवर. तेच हरिकेनची १२ सेकंदांची लाट घ्या, सव्वादोनशे मीटर लांब, तिला ११२ मीटरवरच तळ लागायला लागतो. आता गॅल्व्हेस्टनसमोर उथळ समुद्र शंभर किलोमीटरहून जास्त पसरलेला आहे, त्यामुळे मोठी लाट सगळी वाट तळाला घासत येते आणि दमून पोचते. म्हणून गॅल्व्हेस्टनची लाट सहसा मऊ, हळू, लाँगबोर्डची. शिकायला मात्र फार चांगली जागा, वाळूचा तळ, कोमट पाणी, आणि पडलं तरी लागत नाही.

सीवॉलबद्दल थोडं सांगते कारण तिचा लाटांशी थेट संबंध आहे. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात या बेटावर किमान सहा हजार माणसं गेली, अमेरिकेत कुठल्याही नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं गेलेली नाहीत. त्यानंतर १७ फूट उंचीची ही भिंत बांधायला घेतली आणि नंतर ती वाढवत दहा मैलांच्या पुढे नेली. भिंतीसमोरची वाळू वाहून जायला लागली म्हणून काटकोनात दगडी धक्के घातले, ग्रॉइन म्हणतात त्यांना. या धक्क्यांमुळे वाळू अडते, बार बनतात, आणि म्हणून सर्फर धक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात बसलेले दिसतात. पण त्याच धक्क्याला चिकटून पाणी समुद्राकडे ओढ घेतं, दरवर्षी तिथे लोक बुडतात, म्हणून दगडांच्या जवळ गेलं की लाइफगार्ड शिट्टी मारतोच. त्याचं ऐकायचं.

६१व्या स्ट्रीटच्या पिअरच्या (समुद्रात गेलेल्या मासेमारीच्या धक्क्याच्या) पुढे जाऊन पाण्यात शिरले. किनाऱ्याला समांतर करंट इतका जोरात की पॅडल करत एका जागी थांबताच येईना, एक लाट घ्यायची, वाहत खाली जायचं, बाहेर येऊन वाळूवरून चालत परत वर यायचं, पुन्हा आत. लाटा फुटत होत्या सगळ्या एकदम, इथून तिथवर एक रेघ, शोल्डर, म्हणजे लाटेची अजून न फुटलेली बाजू, म्हणून नाही. तरी पाय हलके झाले, उद्याची तयारी झाली. पाणी तपकिरी होतं, ते बघून ताईने नाक मुरडलं, पण ती घाण नाही, गाळ आहे, मिसिसिपीपासून ब्राझोसपर्यंतच्या नद्यांनी आणलेला, आणि उथळ पाण्यात लाट तो सतत ढवळत असते.

एक राहिलंच. अगदी सपाट दिवसांत इथले काहीजण समुद्रावर जातच नाहीत, बोट घेऊन गॅल्व्हेस्टन बेमध्ये, म्हणजे बेटामागच्या खाडीत, जातात. ह्यूस्टनच्या बंदराकडे जाणारं मोठं टँकर जहाज चॅनेलमधून गेलं की त्याच्या मागची लाट बाजूच्या उथळ भागावर उभी राहते, आणि ती एकच लाट कित्येक मिनिटं, मैलोनमैल चालते. वारा लागत नाही, फ्रंट लागत नाही, जहाजांचं वेळापत्रक लागतं. मी अजून केलेलं नाही पण करायचं आहे.

शुक्रवार, सर्फसाइड

आदल्या संध्याकाळीच बेटाच्या पश्चिम टोकाने सॅन लुईस पासचा टोल ब्रिज ओलांडून ब्लूवॉटर हायवेने सर्फसाइडला आलो होतो. सॅन लुईस पास दिसायला इतका सुंदर की गाडी थांबवावीशी वाटते, पण तिथे पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही, बेचं सगळं पाणी त्या अरुंद वाटेने आत-बाहेर होतं. सर्फसाइड म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी घरं, एखाद-दोन दुकानं आणि शेवटी फ्रीपोर्टची लांबलचक दगडी जेटी. बाकी शांतता.

पहाटे पाचच्या सुमाराला घराचं दार धाडकन आपटलं आणि दाजींचा आवाज आला, "वारो फिरलो गो!" बाहेर आले तर रात्रीची ती चिकट गरम हवा गायब, कोरडी थंडी, आकाशात तारे, आणि वारा पाठीवर, म्हणजे जमिनीकडून. ह्याच क्षणासाठी आलो होतो. ताईने थर्मासात चहा भरला, मी थ्री-टू वेटसूट (तीन आणि दोन मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख) घातला (पाणी ऊबदारच होतं पण उत्तरेचा वारा ओल्या अंगाला सोसत नाही) आणि उजाडायच्या आधी जेटीपाशी.

उजाडलं तेव्हा काल ज्याला फेस म्हणत होते तिथे रेघा होत्या. खरंच रेघा, एकामागे एक, सरळ, मधल्या पाण्यावर सुरकुती नाही. लाट बारवर उभी राहिली की समोरून येणारा वारा तिच्या माथ्यावरून पाणी उचलून मागे उडवत होता, आणि सूर्य वर आला तसा त्या तुषारांतून क्षणभर इंद्रधनुष्य दिसायचं, प्रत्येक लाटेवर, उठायचं आणि जायचं. ऑफशोअर, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा लाटेला धरून ठेवतो, तिला लगेच कोसळू देत नाही, त्यामुळे कालच्या त्याच सहा-सात सेकंदांच्या लाटेला आज चेहरा होता, छातीएवढी उंची आणि उजवीकडे मोकळी भिंत. टेक-ऑफला मात्र कसरत, कारण वारा बोर्डच्या नाकाखाली शिरून वर उचलतो आणि तुषार सरळ डोळ्यांत, दिसत काही नाही, अंदाजाने उभं राहायचं. उभं राहिलं की मग सगळं शांत, खाली गुळगुळीत पाणी आणि कानात वारा.

आणि एक बघण्यासारखी गोष्ट झाली. आपल्या कोकणात भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरचा फरक सहज असतो, इथे गल्फमध्ये जेमतेम दीड-दोन फूट, आणि बऱ्याचदा दिवसातून एकच भरती. पण उत्तरेचा वारा लागला की तो पाणीच लोटून समुद्राकडे नेतो, बे रिकामी व्हायला लागते, चंद्राने जेवढं पाणी ओढलं नसतं तेवढं वारा ओढतो. सकाळी सातला फर्स्ट बारवर कमरेएवढं पाणी होतं, दहाला तिथे मांडीएवढंही राहिलं नाही, आणि लाटा सेकंड बारवर फुटायला लागल्या. सगळे सर्फर न बोलता पन्नास-साठ यार्ड बाहेर सरकले. दाजी जेटीवरून बघत होते, त्यांनीही गळ लांबच्या चरात टाकायला सुरुवात केली.

अकराला सेटमधलं, म्हणजे लाटांच्या एका गटापासून दुसऱ्या गटापर्यंतचं, अंतर वाढलं, बाराला लाट मांडीएवढी, एकला पाणी सपाट आणि वारा तसाच वाहतोय. जे मिळालं ते सकाळच्या पाच तासांत. ऑफिसला जाणाऱ्या माणसाने इथे सर्फिंग करायचं तर बॉसला फ्रंट म्हणजे काय ते समजावून ठेवावं लागतं, कारण हे तास वीकेंड बघून येत नाहीत.

शनिवार, मॅटागोर्डा आणि पोर्ट अरॅन्सस

बे सिटीवरून मॅटागोर्डाला वाकडी वाट केली. कोलोराडो नदी (टेक्सासची, ग्रँड कॅन्यनवाली नव्हे) जिथे समुद्राला मिळते तिथे जेटी आहे आणि बीच खरंच रिकामा आहे, चांगल्या दिवशी इथे एकट्याला लाटा मिळतात म्हणे. आज सपाट. अर्ध्या तासात निघालो.

पलेशस, पोर्ट लवाका करत रॉकपोर्टला जेवायला थांबलो. २५ ऑगस्ट २०१७ ला हार्वे याच भागात चौथ्या श्रेणीचं वादळ होऊन जमिनीवर आलं. सर्फरमंडळी हरिकेनची वाट बघतात हे खरं आहे, वादळ लांब आखातात असताना १०-१२ सेकंदांची लाट येते, आणि तेव्हा इथली लाट कुठल्याही महासागराच्या किनाऱ्याला शोभेल अशी होते. पण ते वादळ शेवटी कुणाच्या तरी घरावर जातंच, २००८ ला आइक गॅल्व्हेस्टनवर गेलं तसं. मला ती वाट बघणं जमत नाही. मला नॉर्दरच बरे, त्यात फार तर थंडी वाजते.

अरॅन्सस पासहून पोर्ट अरॅन्ससला जायला फेरी आहे, चोवीस तास चालते, पैसे नाहीत, आणि त्या पाच-दहा मिनिटांत चॅनेलमध्ये डॉल्फिन दिसतातच. ताई गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहिली ती पलीकडे पोचेपर्यंत हलली नाही.

टेक्सासमध्ये बीचवर गाडी नेता येते, आणि १९५९ च्या ओपन बीचेस कायद्याने बीचवर सगळ्यांचा हक्क आहे, कुणी घरासमोर कुंपण घालून अडवू शकत नाही. पार्किंगचं स्टिकर घेतलं की थेट वाळूवर, पाण्याच्या समोर. होरेस कॉल्डवेल पिअरच्या दक्षिणेला गाडी लावली. वारा आता ईशान्येचा, आणि लाटाही तिकडूनच यायला लागलेल्या, कमरेएवढ्या, थोड्या विस्कटलेल्या. पाणीसुद्धा बदललं, तपकिरीवरून हिरवट. पाण्यात शिरताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत न्यायचे, म्हणजे तळाला बसलेला स्टिंगरे आधीच सरकतो. हे नवीन माणसाला कुणी सांगत नाही म्हणून लिहिते.

ती संध्याकाळ दाजींची. शरद ऋतूत मोठे रेडफिश किनाऱ्याजवळ येतात, इथे त्यांना बुल रेड म्हणतात. शेवटी चर सापडला, रॉड वाकली, आणि वीसएक मिनिटं दाजी पाण्यात कमरेएवढे उभे राहून त्याच्याशी झटत होते. जो बाहेर आला तो तांब्यासारखा चमकत होता, शेपटीजवळ तो काळा ठिपका. एवढा मोठा मासा ठेवायचा तर लायसन्सबरोबरचा टॅग लावावा लागतो, दाजींनी नाही लावला. तोंडातून हुक काढला, पाण्यात धरून दोन्ही हातांनी मागेपुढे केला, त्याने शेपूट हलवली तसा सोडला. "अंडी घालूक चललेलो, जाऊ दे," एवढंच म्हणाले.

रविवार, पॅकरी चॅनेल, मग हायवे ७७

मस्टँग आयलंडवरून खाली उतरत पॅकरी चॅनेलच्या जेटीपाशी सकाळी सेशन केलं. कॉर्पस क्रिस्टीचे सर्फर आधी बॉब हॉल पिअरला जायचे, ते पिअर २०२० च्या जुलैमध्ये हॅना वादळाने तोडलं. पिअरच्या खांबांभोवती वाळू धरते आणि बार टिकतो, त्यामुळे पिअर गेलं की फक्त मासेमारीची जागा जात नाही, लाटही जाते. पॅकरीच्या दोन दगडी जेट्या त्या मानाने भक्कम. उत्तरेच्या वाऱ्यात दक्षिण बाजूला आडोसा मिळतो, मी तिथेच होते. बोया ४२०२० वर पाच फूट, सात सेकंद, किनाऱ्यावर छातीला कमी. लाइनअपमध्ये, म्हणजे लाटेची वाट बघत बसतात तिथे, बापलेकांच्या जोड्या बऱ्याच, मुलांना बाबा मागून ढकलतायत, "उभा राहा, उभा राहा", इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये.

पुढे पाद्रे आयलंड नॅशनल सीशोर, जवळजवळ ११० किलोमीटर किनारा, त्यावर बांधकाम नाही. नकाशावर बघून वाटतं की या बेटावरूनच सरळ साउथ पाद्रेला जावं, पण मध्ये मॅन्सफिल्ड चॅनेलने बेट कापलेलं आहे आणि पूल नाही. मालाकीट बीचपर्यंत डांबरी रस्ता आहे, तिथवर गेलो आणि परत फिरलो. केम्प्स रिडली कासवं इथे वसंतात अंडी घालतात आणि जून-जुलैत पिल्लं समुद्रात सोडतात ते लोकांना बघता येतं. वेळासची कासवं बघितलेल्या माणसाने एकदा तरी यावं.

मग हायवे ७७. किंग्जव्हिल सोडायच्या आत पेट्रोल भरून घ्या, पुढे तासभर फक्त किंग रँच आणि केनेडी काउंटीची माळरानं, पंप जवळजवळ नाहीच. रात्री क्वीन इझाबेला कॉजवेवरून साउथ पाद्रेत.

सोमवार, साउथ पाद्रे

इथला किनारा पूर्वेला तोंड करून आहे आणि खोल पाणी गॅल्व्हेस्टनपेक्षा बरंच जवळ येतं, म्हणून तीच लाट इथे जास्त जोर घेऊन पोचते. टेक्सासमधली सगळ्यात चांगली लाट इथली, हे मी आता ठामपणे म्हणते. इस्ला ब्लांका पार्कच्या दक्षिण टोकाला जेटी आहे, पलीकडे ब्राउन्सव्हिलचा शिप चॅनेल आणि त्याच्याही पलीकडे बोका चिकाला स्पेसएक्सचे टॉवर पहाटेच्या उजेडात स्पष्ट दिसतात.

वारा जवळजवळ पडलेला. रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे हवा समुद्राकडे हलते, शाळेत शिकलेले मतलई वारे, तेवढीच झुळूक पश्चिमेकडून. आणि तीन दिवस आखातभर वाहिलेल्या ईशान्येच्या वाऱ्याची लाट, आठ सेकंद, आता तिच्यात वाऱ्याचा गोंधळ राहिलेला नव्हता. पाणी काचेसारखं नाही म्हणणार, पण हिरवं आणि इतकं स्वच्छ की बोर्डवर बसून खाली वाळूवरच्या रेघा दिसत होत्या.

सोमवार असल्यामुळे माणसं मोजकी. एक पिकल्या मिशांचे गृहस्थ, जुनं पिवळं पडलेलं लाँगबोर्ड, लाटेसाठी कधी घाई करताना दिसले नाहीत. मी जेटीच्या फार जवळ बसायला निघाले तसं त्यांनी हातानेच खूण केली, थोडं उत्तरेला ये. मग समजावलं की ईशान्येची लाट जेटीच्या दगडांवर आपटते, तिचं परतीचं पाणी पुढच्या लाटेला येऊन मिळतं, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे लाट अचानक टोकदार उभी राहते. ती जागा दगडांपासून चाळीसएक यार्डांवर होती. तिथे बसले. पहिला सेट आला, पहिली लाट त्यांनी घेतली, दुसऱ्या लाटेच्या उजव्या खांद्यावर मी वळले, जेटीवरून परतलेलं पाणी येऊन मिळालं आणि लाट पायाखालून वर आली, डोक्याइतकी, मग उजवीकडे उघडत गेली, सेकंड बारवरून फर्स्ट बारपर्यंत न तुटता. सर्फसाइडला लाटेला वाऱ्याने धरून ठेवलं होतं, इथे ती स्वतःच्या जोरावर उभी होती. बाहेर पॅडल करून येताना मी मोठ्याने हसत होते आणि ते मिशांतल्या मिशांत.

दहाला पूर्वेचा वारा सुरू झाला, साडेदहाला पाण्यावर सुरकुत्या, अकराला बाहेर आलो. वाळूवर निळ्या फुग्यांसारखे पोर्तुगीज मॅन-ओ-वॉर, जेलीफिशसारखे प्राणी, येऊन पडले होते, ते मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डसतात, ताईने दोन पोरांना वेळेवर अडवलं.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट लक्षात ठेवा. हायवे ७७ वर उत्तरेकडे येताना सरिटाजवळ बॉर्डर पेट्रोलचं चेकपॉइंट आहे, सगळ्या गाड्या थांबवतात आणि नागरिकत्व विचारतात. ग्रीन कार्ड, किंवा एच-वन व्हिसा असेल तर पासपोर्ट आणि आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद), बॅगेच्या तळाशी नको, हाताशी ठेवा. आमचं दोन मिनिटांत झालं. कॉर्पसच्या अलीकडे थांबून बोया बघितले, वरच्या किनाऱ्यावर वारा पुन्हा आग्नेयेचा, दोन फूट, चार सेकंद. पुढचा फ्रंट हवामान खात्याच्या नकाशावर अजून कॅनडात होता, शनिवारी पोचेल असं दिसत होतं. दाजींनी तिथेच फोनवर सर्फसाइडचं घर बघायला घेतलं.